अधिक ज्येष्ठाचे वाण: नागपूरच्या उन्हात तयारी कशी करावी

इंग्रजी लीप वर्षात उरलेसुरले तास २९ फेब्रुवारीच्या एका दिवसात जमा होतात आणि तो दिवस आपल्याकडे कोणत्याही रीतीभातीविना निघून जातो. आपल्या पंचांगात मात्र भरपाई महिन्याने होते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो, आणि जावयाच्या वाणासह साऱ्या रीती त्या वाढीव महिन्याला चिकटलेल्या आहेत.

२०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्याची खूण पंचांगात स्वतः पडताळता येते. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत, म्हणजे राशीबदल, होत नाही, तो अधिक. वृषभ संक्रांत १५ मे रोजी, म्हणजे महिना सुरू होण्यापूर्वीच होते आणि मिथुन संक्रांत १५ जूनला अमावास्या संपल्यानंतर होते, म्हणून मधला महिना संक्रांतीविना राहतो. नागपुरात याचा एक गमतीचा परिणाम दिसेल. पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा, महिना मानणाऱ्या हिंदीभाषक शेजारणी १६ मेच्या अमावास्येला वटसावित्री करतील, तर मराठी घरांतील वटपौर्णिमा २९ जूनला येईल; एरवी पंधरवड्याचे असलेले अंतर या वर्षी दीड महिन्यावर जाते.

वाण म्हणजे तांब्याच्या किंवा चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारसे, त्यावर दिवा आणि दक्षिणा. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून ते दिले जाते. जाळीदार पदार्थ हवा असल्याने अनारसे जमत नसल्यास तेहतीस बत्तासे किंवा म्हैसूरपाक देतात आणि त्यात काही उणे मानू नये. ताटली इतवारीतील भांड्यांच्या दुकानांतून आधीच आणावी.

अनारशांसाठी वाणाच्या दिवसापासून किमान नऊ दिवस मागे मोजावेत. अर्धा किलो जुने तांदूळ तीन दिवस भिजवावेत आणि पाणी रोज बदलावे. परंतु मे महिन्यातील नागपुरी उन्हाळ्यात ते लवकर आंबते, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोनदा बदलणे बरे. चौथ्या दिवशी तांदूळ निथळून सुती कापडावर घरातच पसरावेत. गच्चीवर नेऊ नयेत, कारण तेथे ते थोड्याच वेळात खडखडीत वाळतात, आणि दमट झोतामुळे कूलरसमोरही नकोत. हाताला किंचित ओलसर लागत असतानाच दळून बारीक चाळणीने चाळावेत. त्या पिठात वजनाने पाऊणपट ते समान किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळावे आणि गोळे डब्यात झाकून पाच दिवस मुरू द्यावेत. उष्णता फार असल्यास पहिल्या दोन दिवसांनंतर डबा फ्रिजमध्ये ठेवावा आणि तळण्याआधी काही तास बाहेर काढावा.

अनारसा खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून, मंद आचेवर तुपात सोडावा; उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवावे. तळताना तो पसरून विरघळला तर अनारसा हसला असे म्हणतात. बहुधा गूळ जास्त झालेला असतो किंवा तूप पुरेसे तापलेले नसते. अशा वेळी थोडे कोरडे तांदळाचे पीठ मळून मिसळावे आणि आधी एकच अनारसा तळून पाहावा. उलट पीठ फुटत असेल, तर दुधाचा हबका पुरतो. माझ्या मते सगळे अनारसे एकसारखे दिसण्याचा हट्ट सोडल्यास निम्मा त्रास वाचतो.

जेवणात पुरणाचे धोंडे असतात; याला धोंड्याचा महिनाही म्हणतात. पुरण भरलेले कणकेचे धोंडे वाफवून वर तूप घालतात. या उन्हात पुरण सकाळी शिजवून त्याच दुपारी संपवावे.

या महिन्यात लग्न, मुंज आणि वास्तुशांती टाळण्याची रीत आहे, रोजची पूजा आणि दानधर्म मात्र चालतात. वाणासाठी १५ जूनची वाट पाहू नये. अमावास्या त्या सकाळीच संपते, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या जावयाची गाडी उशिरा पोहोचली तर वेळ निघून जाते. १४ जून हीच शेवटची तारीख धरावी.