नकललेल्या स्क्रिप्टांची निगा : बॉट चालवायला शिकताना

विकिपीडियासारख्या विकिमीडियाच्या प्रकल्पांवर ल्युआ या प्रोग्रामिंग भाषेतील स्क्रिप्ट, म्हणजे लेखांतील काही मजकूर आपोआप तयार करणारे छोटे प्रोग्राम, २०१३ सालापासून चालतात आणि मराठी विकिपीडियावर त्या ‘विभाग’ या नामविश्वात, म्हणजे पानांच्या वेगळ्या गटात, ठेवल्या जातात. कॉमन्स या विकिमीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहावर एकदा चढवलेले चित्र सर्व भाषांना वापरता येते. स्क्रिप्टांना मात्र अशी सामाईक जागा नाही. त्यामुळे त्या बहुधा इंग्रजी विकिपीडियावरून नकलून घ्याव्या लागतात आणि मूळ पानावरील दोष दुरुस्त झाला तरी आपली नक्कल जुनीच राहते.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात राहून मी हे काम शिकले. सुरुवातीच्या नकला मी हातानेच केल्या आणि नवख्यांनीही काही महिने तसेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्क्रिप्टच्या आरंभी ‘रिक्वायर’ लिहून दुसरी स्क्रिप्ट बोलावलेली असते, तिच्यात तिसरी असते, आणि एक जरी आणायची राहिली तरी लेखात तांबड्या अक्षरांत त्रुटी उमटते. ही साखळी हाताने उलगडल्याशिवाय बॉटला, म्हणजे आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रामला, काय सांगायचे ते कळत नाही.

पुढे पायथन भाषेतील पायविकिबॉट हे बॉट लिहिण्याचे साधन वापरून मी पहिला बॉट लिहिला. मूळ पान वाचायचे आणि फरक दिसला की आपले पान बदलायचे, एवढेच त्याचे काम होते. एका लहान विकीवर तो चालवला, तेव्हा संदर्भांतील तारखा तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी कष्टाने घातलेली मराठी महिन्यांची नावे आणि देवनागरी अंक त्याने पुसून टाकले, आणि नीट लिहिलेल्या तारखाही चुकीच्या ठरू लागल्या. पानाच्या इतिहासातून सारे परत आणता आले. परंतु आमच्या भागात दुसऱ्याच्या शेताचा धुरा (बांध) कोरणे जितके वाईट मानतात, तितकेच हे मला वाटले, आणि त्या संपादकाच्या चर्चापानावर जाऊन मी क्षमा मागितली.

तेव्हापासून माझा बॉट मूळ पानाची केवळ ताजी आवृत्ती न पाहता त्याचा संपूर्ण इतिहास पाहतो. विकी चालवणाऱ्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामांना माहिती पुरवणाऱ्या सोयीतून, प्रत्येक आवृत्तीचा शा-१ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख पटवणारा ठसा, मिळतो. आपल्या पानाचा हॅश मूळ पानाच्या एखाद्या जुन्या आवृत्तीशी जुळला, तर ती निव्वळ मागे पडलेली नक्कल असते आणि ती अद्ययावत करता येते. कोणत्याच आवृत्तीशी जुळला नाही, तर येथे कोणीतरी बदल केला आहे असे समजून बॉट पान सोडतो आणि त्याचे नाव यादीत लिहितो. यातही एक खाच आहे. नव्या आवृत्तीने लेख बिघडले म्हणून कोणी जाणीवपूर्वक जुनी आवृत्ती परत आणली असेल, तर हॅश जुळतो आणि बॉट फसतो. म्हणून आपल्या पानाचा इतिहासही वाचावा, आणि त्यात बॉटचे संपादन उलटवलेले आढळल्यास त्या पानाला हात लावू नये.

ज्या स्क्रिप्टांत भाषेचा मजकूर वेगळ्या उपपानावर ठेवलेला असतो, त्यांचे काम सोपे जाते. एकके बदलणाऱ्या ‘कन्व्हर्ट’मध्ये ‘टेक्स्ट’ आणि संदर्भांच्या ‘सायटेशन’मध्ये ‘कॉन्फिगरेशन’ अशी उपपाने आहेत. ती बॉटच्या यादीतून कायमची वगळावीत.

बॉटसाठी वेगळे खाते काढावे, समुदायाची परवानगी घ्यावी, मुख्य पासवर्डऐवजी मर्यादित हक्कांचा वेगळा बॉट पासवर्ड वापरावा आणि पहिली फेरी ‘सिम्युलेट’ हा पर्याय देऊन करावी, म्हणजे काहीही जतन होत नाही. सर्व्हरवर ताण असताना बॉटने थांबावे म्हणून मॅक्सलॅग, म्हणजे सर्व्हर किती मागे पडलेला चालेल याची मर्यादा, ५ सेकंद ठेवावा. आमच्याकडे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसल्यामुळे मी विकिमीडियाच्या पॉज या सेवेवर, ब्राउझरमधूनच, काम करते. कोड लिहायची नोंदवही (नोटबुक) सर्व्हरवर राहत असल्याने जतन केलेला कोड हरवत नाही. संपादन सारांशात मूळ पानाचा दुवा आणि आवृत्ती क्रमांक न चुकता द्यावा, कारण विकिपीडियाच्या मजकुराच्या परवान्यानुसार मूळ लेखकांना श्रेय देणे बंधनकारक आहे.

न जुळलेल्या पानांची यादी मी दर शनिवारी स्वतः वाचते. एकेका पानाचे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून, मूळ पानातील कोणती दुरुस्ती घ्यायची आणि आपला कोणता बदल राखायचा, हे ठरवण्यात कधी कधी अख्खी दुपार जाते.