शाळेच्या फाटकासमोर उभं राहायचं असेल तर

मी २६ वर्षं ट्रक चालवला. हंगामात ऊस, बाकीच्या वेळी मार्केट यार्डातून गूळ भरून गुजरात. आता चार वर्षं झाली, कोल्हापूरच्या कसबा बावड्यात एका शाळेसमोर पोरांना रस्ता पार करून देतो. नातू तिथंच दुसरीत आहे. आसपासच्या गल्लीतली रिटायर मंडळी विचारतात, ‘आम्हीही येऊ का? काय लागतं?’ त्यांच्यासाठी लिहितोय.

नजर आणि कान चांगले हवेत. चष्मा असेल तर तो घालूनच यायचं. पाऊण तास उभं राहता आलं पाहिजे. आणि एकही दिवस न सांगता दांडी मारायची नाही, कारण तुम्ही असणार या भरवशावर आईबाप पोराला एकटं सोडतात. शाळेनं चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला तर वाईट वाटून घेऊ नका. परक्या माणसाच्या हातात पोरं द्यायची म्हटल्यावर त्यांनी तो मागायलाच हवा. आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग त्यांच्यासोबत शहर वाहतूक शाखेत जाऊन सांगून या.

तिथं जायचं कारण आहे. इंग्लंडात या कामासाठी १९५३ साली स्वतंत्र कायदा झाला. तिथं ‘थांबा’ची पाटी दाखवली की गाडी थांबवावीच लागते. आपल्याकडं गाड्या अडवायचा अधिकार वाहतूक पोलिसांचा. त्यामुळं आपण गाड्यांवर हुकूम सोडायचा नाही. मोकळी फट हेरायची आणि पोरांना त्यातून न्यायचं. एखादा न थांबता गेला तर नंबर टिपून घ्या. त्याच्याशी वाद घालत बसलात तर तेवढा वेळ पोरांकडं पाठ होते.

घंटेआधी २० मिनिटं पोचा. पट्ट्यांवर कोणी गाडी लावली असेल तर ती काढायला लावा. रिक्षामामांना आधीच सांगून ठेवा की दहा पावलं पुढं थांबायचं. उभ्या रिक्षाआडून निघालेलं पोर ड्रायव्हरला अगदी शेवटच्या क्षणी दिसतं. ताशी ३० च्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात आठ मीटर पुढं येते, आणि ब्रेककडं पाय जाईपर्यंतच तो सेकंद संपलेला असतो. मी केबिनमध्ये बसलेला माणूस आहे म्हणून सांगतो, बंपरला लागून उभं असलेलं पहिलीतलं पोर वरून दिसतच नाही. थांबलेल्या ट्रकच्या किंवा बसच्या नाकाखालून पोरं कधीच नेऊ नका, चांगलं अंतर ठेवा.

आता पार करून द्यायची रीत. पोरं कडेला, रस्त्यापासून दोन पावलं मागं. उजवीकडं बघा, डावीकडं बघा, पुन्हा उजवीकडं. फट दिसली की शिट्टी द्या आणि एकट्यानं मधोमध जा, पाटी उंच, दुसरा हात आडवा. ड्रायव्हर हातानं ‘न्या, न्या’ करत असतो. त्याच्या हातावर जाऊ नका, चाक बघा. चाक पूर्ण थांबलं का? मग त्याच्या बगलेतून मोटारसायकल घुसतेय का ते बघा. ती हमखास येते. हे झाल्यावरच पोरांना बोलवा. चालत आणायचं, पळत नाही. शेवटचं पोर पलीकडं चढल्याशिवाय तुम्ही मधून हलायचं नाही. आर.एस.पी.ची (शाळेतल्या रस्ता सुरक्षा पथकाची) मोठी पोरं मदतीला असतील तर त्यांना कडेलाच उभं करा, रस्त्यात उतरवू नका.

आमच्या भागात राजाराम कारखाना आहे, त्यामुळं गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या चालूच असतात. भरलेला ट्रॅक्टर कधीही अडवू नका. एवढं वजन मागून ढकलत असतं, ते लगेच थांबत नाही. आणि पोरं फसतात ती दुसऱ्या ट्रॉलीला. ट्रॅक्टर गेला, एक ट्रॉली गेली की त्यांना वाटतं झालं. आमच्या पोरांना मी मोठ्यानं मोजायला शिकवलंय: ‘ट्रॅक्टर, एक, दोन, आता आजोबा!’

जुलैच्या पावसात छत्री घेऊ नका, एक हात अडकतो. रेनकोट घाला आणि चमकणारं जॅकेट रेनकोटच्या वरून घाला. बरेच जण आत घालतात, मग ते कुणाला दिसणार? पोरांची टोपडी रस्त्याला येण्याआधी मागं सारायला लावा, नाहीतर त्यांना बाजूचं काही दिसत नाही.

खिशातला मोबाईल फक्त अडीअडचणीला. अपघात झालाच तर १०८, पोलीस हवे असतील तर ११२. पडलेल्या पोराला घाईनं उचलू नका, आधी मागची वाहतूक अडवा.

संध्याकाळची सुट्टी सकाळपेक्षा अवघड. सकाळी पोरं झोपेत असतात, संध्याकाळी सुटलेली असतात. त्यात पलीकडं आई गाडीवर बसून हाक मारते, ‘ये रे बाळा!’ आई दिसली की पोराला रस्ता दिसत नाही, ते सरळ धावतं. माझ्या समोर असं एक पोर निघालं होतं. दप्तराला धरून मागं ओढलं म्हणून वाचलं. त्या दिवसापासून प्रत्येक आईबापाला हात जोडून सांगतो, गाडी पलीकडं लावा, पण पोराला न्यायला या बाजूला चालत या. सगळ्यात आधी सुनेला सांगितलं. आता ती रोज चालत येते, आणि तिचं बघून शेजारच्या दोघी.