आल्प्समध्ये पहिल्यांदाच स्कीइंगला जाताय? या चुका टाळा

मुलांच्या शाळेला फेब्रुवारीत दोन आठवडे सुट्टी असते, खास बर्फात खेळण्यासाठी. आम्ही झुरिकला राहतो. एका फेब्रुवारीत पुण्याहून दादा-वहिनी मुलांना घेऊन आले आणि सगळे मिळून आठवडाभर आल्प्समधल्या ग्रिंडेलवाल्ड गावी गेलो. पहिल्याच दिवशी दुपारी वहिनी बर्फात फतकल मारून बसल्या. "हे बूट काढल्याशिवाय मी इथून उठायची नाही." पडल्या नव्हत्या, लागलंही नव्हतं. दोन्ही पावलं बधिर झाली होती.

खरी चूक आदल्या संध्याकाळीच झाली होती, भाड्याने सामान देणाऱ्या दुकानात.

बूट वाढत्या मापाचे घेणं

आपल्याकडे बूट घेताना पुढे बोटभर जागा ठेवायची पद्धत. मुलांचे तर वाढत्या मापाचेच. स्कीचा बूट या हिशेबाने घेतलात तर आठवडा वाया गेला म्हणून समजा. हा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच असतं. पाय आत हलला की टाच उचलली जाते. ती धरून ठेवायला आपण बकलं आवळत जातो, आणि थोड्या वेळात पाऊल बधिर होतं. दुखतं ते बूट घट्ट आहे म्हणून, असं वाटतं. मुळात तो मोठा असतो. वहिनींनी एक माप मोठं घेतलं होतं आणि थंडी वाजू नये म्हणून लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड चढवले होते.

माप पावलाच्या लांबीवरून, सेंटीमीटरमध्ये असतं: २४.५, २६ असं. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोकाला टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती किंचित मागे सरकली पाहिजेत. दुकानातच दहा मिनिटं घालून फिरा, लाजू नका. मोजा एकच, पातळ आणि पोटरीच्या वरपर्यंत येणारा. आतली थर्मल पँट बुटात खोचू नका, नाहीतर तिच्या घडीचा वळ नडगीवर उमटतो.

घालण्याचीही रीत आहे. बसून टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे ती मागे नीट बसते. मग घोट्याजवळचं बकल लावा, नंतर वरची. बोटांवरची बकलं नुसती अडकवायची, आवळायची नाहीत. लिफ्टच्या रांगेत किंवा चालताना वरची सैल सोडा. रात्री बूट गाडीत ठेवू नका. थंडीने प्लास्टिक असं ताठरतं की सकाळी पाय आत घालणं ही कुस्तीच होते. हॉटेलात गरम स्कीरूम असेल तर तिथे ठेवा. आणि एवढं करूनही दुखलंच, तर सोसत बसू नका. बहुतेक दुकानं मधेच बूट बदलून देतात. वहिनींचे दुसऱ्या दिवशी बदलले आणि रडगाणं तिथेच संपलं.

वजन कमी सांगणं

दुकानदार वजन, उंची, वय विचारतो, शिवाय स्कीइंग किती येतं तेही. दादाने वजन आठ किलो कमी सांगितलं. वहिनी शेजारी उभ्या होत्या, म्हणून असेल. पडल्यावर स्की बुटापासून किती जोराला सुटावी, ते बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यावर, या माहितीवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून लावतात. वजन कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी निघते. उलट 'मला चांगलं येतं' अशी बढाई मारलीत तर ती सुटायला हवी तेव्हा सुटत नाही, आणि गुडघा पिरगळतो. दादाची पहिल्या दिवशी चार-पाचदा उगाच निघाली. शेवटी मुकाट्याने दुकानात जाऊन खरा आकडा सांगून आला.

बूट बाइंडिंगमध्ये अडकतच नसेल तर आधी बुटाचा तळ बघा. तिथे बर्फाचा गोळा चिकटलेला असतो. काठीने खरवडून काढा. उतारावर असाल तर स्की उताराला आडवी ठेवा आणि खालच्या बाजूची आधी घाला.

स्वतःच शिकवायला जाणं

मला जेमतेम तीन हिवाळ्यांचा अनुभव, पण पुतण्याला शिकवायची हौस दांडगी. अर्ध्या तासात तो रुसला, मी ओरडलो. गावाच्या वरच्या अंगाला बोडमी नावाची नवशिक्यांची जागा आहे. तिथे सरकत्या पट्ट्यावर नुसतं उभं राहून वर जाता येतं. मुलांना तिथल्या स्कीशाळेच्या गटात सोडा आणि नजरेआड व्हा. आई दिसली की रडू येतं, हे सगळ्या देशांतल्या मुलांना लागू आहे. पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, हा 'पिझ्झा' मुलं दोन तासांत शिकतात. आपल्याला वेळ लागतो, कारण भीतीने आपण मागे झुकतो. मागे झुकलं की स्की आणखी पळते. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून ठेवा, वेग आपोआप ताब्यात येतो.

पहिले दोन दिवस सगळ्या डोंगराचा पास काढू नका. तुम्ही बोडमीच्या पुढे जाणार नाही.

वर जाताना खाली यायचा विचार न करणं

स्वित्झर्लंडमध्ये निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. फ्रान्समध्ये त्याहून सोपी हिरवीही असते, इथे ती नसते. त्यामुळे निळी म्हणजे घसरगुंडी असं समजू नका. मधे अरुंद, चढाचा, नाहीतर गोठून काच झालेला तुकडा लागतो. १,०३४ मीटरवरच्या गावातून २,०६१ मीटरवरच्या क्लाइनं शाइडेगला आगगाडी सहज नेऊन सोडते. समोर आयगर शिखराचा काळा कडा पाहून छाती दडपते, मग लक्षात येतं की आता उतरायचं आहे. पाय थरथरत असतील तर गाडीने परत या. कोणी हसत नाही. खाली जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच बघून ठेवा.

उतारावर पुढच्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने वाट काढायची. फोटोसाठी वळणावर किंवा उंचवट्यापलीकडे थांबू नका, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

इंटरलाकेनहून गाडीने येणाऱ्यांसाठी एक सूचना: त्स्वाइल्युट्शिनेनला गाडीचे दोन भाग होतात. एक ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचून चढा. आमच्या सामानाच्या दोन बॅगा लाउटरब्रुनेन पाहून आल्या.

विमा गृहीत धरणं

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, म्हणून दादा निश्चिंत होता. पॉलिसी वाचली तर हिवाळी खेळ वगळलेले. बऱ्याच पॉलिसींमध्ये ते जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. आम्ही इथे नोकरी करतो, त्यामुळे अपघाताचा विमा कंपनीकडून असतो. पाहुण्यांना तो नसतो. हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल ज्याच्या त्याच्या नावावर. हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या रेगा या स्विस संस्थेचा नंबर १४१४, युरोपभर चालणारा ११२. दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्स नको, हातमोजे पाणी न शिरणारे हवेत, लहानांना चार बोटं एकत्र राहतील असे. गॉगल घामट कपाळावर सरकवून ठेवला की आतून वाफ धरते. आतली काच रुमालाने घासू नका, हलकेच टिपा. ढग असले तरी सनस्क्रीन लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखालीही चटका बसतो.

आणि तिसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. मांड्या भरून आलेल्या असतात, आणि थकलेल्या पायांवर 'अजून एकच फेरी' मारणारेच धडपडतात. आम्ही त्या दिवशी वेलोगेमेल भाड्याने घेतली. ही १९११ सालापासूनची ग्रिंडेलवाल्डची लाकडी सायकल, चाकांऐवजी पट्ट्या असलेली. तिला ब्रेक नसतो, पाय घासत थांबवायची. वहिनी साध्या मऊ बुटांत सगळ्यांच्या पुढे खाली पोचल्या होत्या.