कार्बाइडचा जुना दिवा पेटवण्याआधी आणि पेटवताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जुन्या घराच्या माळ्यावर कार्बाइडचा पितळी दिवा हाती लागला, तर पेटवायची घाई करू नका. आधी तो पूर्ण उघडा. वरच्या टाकीत पाणी, खालच्या भांड्यात कार्बाइड आणि मध्ये रबरी वायसर. वरचा चाप फिरवला की पाणी थेंबाथेंबाने कार्बाइडवर पडते. त्यातून निघालेला अ‍ॅसिटिलीन वायू फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चकतीतून गाळला जातो आणि शंखजिऱ्याच्या टिपेतून, म्हणजे बारीक भोकाच्या टोकातून, बाहेर पडून जळतो. भांड्यात मागे चुना उरतो.

1895 मध्ये फ्रेंच गुहाशोधक एदुआर मार्तेल इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या गेपिंग गिल विवरात दोराच्या शिडीने उतरले, ते मेणबत्त्यांच्या भरवशावर. धबधब्याच्या तुषारात मेणबत्तीचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. विजेच्या भट्टीत कार्बाइड बनवण्याची रीत थॉमस विल्सन यांना 1892 मध्येच सापडली होती. 1900 मध्ये फ्रेडरिक बाल्डविन यांनी न्यूयॉर्कमध्ये दिव्याचे पेटंट घेतले. पुढे हा दिवा खाणीत रुळला, तिथून गुहा शोधणाऱ्यांच्या डोक्यावर आला आणि एलईडी येईपर्यंत टिकला.

आता दुरुस्ती. जुना वायसर कडक झालेला असतो, तो सरळ बदला. गळती बहुतेक तिथूनच होते. फेल्ट काळा किंवा चुन्याने घट्ट झाला असेल तर नवा कापून बसवा. भांड्यातला जुना चुना सौम्य व्हिनेगरमध्ये भिजवला की सुटतो. टीप साफ करायला पोलादी बारीक तारच घ्या. तांब्याची तार किंवा तांब्याची नळी या दिव्यात कुठेही नको: अ‍ॅसिटिलीन आणि तांबे यांच्यापासून बनणारा पदार्थ सुकला की धक्क्यानेही फुटतो. दिव्याचे पितळ चालते, कारण त्यात तांब्याचे प्रमाण कमी असते.

भांडे अर्ध्यापर्यंतच भरा, फार तर थोडे वर. कार्बाइडचा चुना होताना तो फुगतो आणि गच्च भरलेल्या भांड्यात पाण्याला वाटच उरत नाही. खडे हरभऱ्याएवढे असावेत. भुकटी टाळा; तिच्यावर पाणी पडताच वायूचा लोंढा येतो. चांगल्या कार्बाइडच्या एका किलोपासून साधारण 300 लिटर वायू मिळतो. डोक्यावरच्या छोट्या दिव्याची टीप तासाला 14 लिटरच्या आसपास वायू जाळते, म्हणजे तासाला 50 ग्रॅमहून थोडे कमी कार्बाइड लागते. रासायनिक हिशेबाने पाणी याच्या निम्म्याहून थोडे अधिक पुरते, पण उष्णतेने बरेच उडून जाते, म्हणून तेवढ्याच वजनाचे पाणी धरा. एका मिलिलिटरला 20 थेंब मोजले, तर तीन-चार सेकंदाला एक थेंब एवढेच पाणी हवे. नवखे लोक इथेच चुकतात. ज्योत मंद झाली की ते पाणी वाढवतात, भांडे बुडते, वायू एकदम उसळतो आणि वायसरच्या कडेने बाहेर येऊन पेट घेतो.

पेटवण्याआधी पाणी सोडून अर्धा मिनिट थांबा आणि जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडा दिसला तर पेटवू नका, वायसर पुन्हा बसवा. हे काम अंगणात, मोकळ्यावर करा. हवेत अडीच टक्के अ‍ॅसिटिलीन असले तरी ठिणगीने स्फोट होतो. लसणासारखा उग्र वास आला तर ते कार्बाइडमधल्या फॉस्फाइड या अशुद्धीमुळे आहे. वास येतो म्हणजे न जळलेला वायू बाहेर आहे.

चांगली ज्योत पांढरी, दोन-तीन सेंटिमीटरची असते आणि हलका सूं-सूं आवाज करते. पिवळी आणि काजळी सोडणारी ज्योत दिसली तर टीप तुंबली आहे किंवा दाब कमी आहे. ज्योत फडफडत असेल तर फेल्ट ओला झाला आहे, तो वाळवा.

गोव्यातल्या हरवळे, खांडेपार, रिवण इथल्या जांभ्यात कोरलेल्या लेण्यांत हा दिवा नेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. काजळी जांभ्याच्या छिद्रांत बसते ती निघत नाही आणि धूर-उष्णतेने वटवाघळे उठतात. तिथे एलईडी टॉर्चच न्या.

वापरलेला चुना हवाबंद डब्यात कधीही भरू नका. आत पाणी न लागलेला कार्बाइडचा खडा राहतोच आणि वायूच्या दाबाने डबा फुटतो. हा चुना बादलीभर पाण्यात, बाहेर, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. विहिरीपासून लांब, कारण चुना पाणी बिघडवतो.

कोरडे कार्बाइड मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात हवे. गोव्याच्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला खडा हळूहळू भुकटी होऊन वायू सोडतो. परवानाधारक विक्रेत्याकडून गरजेपुरतेच घ्या. कार्बाइडला 1987 चे कॅल्शियम कार्बाइड नियम लागू आहेत. डबा उघडताना मोकळ्यावर, आगीपासून दूर उघडा आणि कोरड्या हातांनी चिमट्याने खडे काढून लगेच झाकण लावा.