जुनी मर्सिडीज दारात बांधण्याआधी

नागपुरात महालात माझी छपाईची प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. मशीन हायडेलबर्गचं, माझ्याहून थोडंच लहान, तिसऱ्या हातानं घेतलेलं. ते घ्यायला गेलो तेव्हा वडील म्हणाले होते, आधी मशीन बघू नको, त्याच्याखालची फरशी बघ. तेल कुठून ठिबकतंय आणि किती दिवसांपासून, ते फरशी सांगते. २०१९ मध्ये जुनी मर्सिडीज शोधायला निघालो तेव्हा माझ्याकडे एवढंच ज्ञान होतं. बाकीचं पैसे भरून शिकलो.

माझी गाडी २००८ ची ई २२० सीडीआय, डब्ल्यू २११ पिढीतली. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची, एमएच-३१, मीटरवर ९८ हजार. ते सव्वापाच मागत होते, चार लाख साठ हजारांत जमलं. नवी असताना ही गाडी तीस लाखांच्या वर होती. सगळी गोम इथेच आहे: गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. साडेचार लाखांत गाडी आली तरी तिचा लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा), तिचा एसी कंप्रेसर, तिचा हेडलाइट हे तीस लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून खिशात सहा लाख असतील तर चार लाखांची गाडी बघा. उरलेले दोन लाख वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड बायकोकडे द्या. माझे पहिल्याच वर्षी १ लाख ४२ हजार गेले: चार टायर, पुढचं सगळं सस्पेन्शन, इंजिनाचे माउंट, बॅटरी, ब्रेक पॅड आणि सगळी तेलं. यातलं एकही काम चैनीचं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी दोन वर्षं पुढे ढकललेलं सगळं माझ्या नशिबी आलं. जुनी गाडी विकायला निघते ती बहुतेक वेळा मोठा खर्च तोंडाशी आला म्हणूनच, हे धरून चाला.

कोणती घ्यावी, यावर मी फार बोलणार नाही, आवड ज्याची त्याची. पण काही खड्डे ठाऊक असू द्या. डब्ल्यू २११ घेणार असाल तर २००६ च्या फेसलिफ्टनंतरचीच, म्हणजे कंपनीने सुधारून काढलेलीच घ्या. आधीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक ब्रेकचा पंप आहे, तो किती वेळा ब्रेक दाबला हे मोजतो आणि आकडा भरला की डॅशबोर्डवर लाल इशारा देतो. २००७ ते २०११ च्या डिझेल बीएमडब्ल्यू ३२० मध्ये टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती खुळखुळायला लागली की गाडी अर्धी उघडावी लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या ऑडी ए४ आणि ए६ मधला मल्टिट्रॉनिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मला कुणी फुकट दिला तरी नको. स्कोडा सुपर्ब १.८ पेट्रोलचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बर्डीच्या गर्दीत तापतो. आणि फक्त आरामच हवा असेल, हौस नको असेल, तर जुनी कॅमरी किंवा अकॉर्ड घ्या आणि हा लेख इथेच सोडा. तुम्ही माझ्यापेक्षा सुखी राहाल.

गाडीआधी फाइल मागा. सर्व्हिसची बिलं, विम्याच्या जुन्या पॉलिस्या, दुसरी किल्ली. "एकच किल्ली आहे हो, दुसरी हरवली" असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात तीस हजार कमी करतो. बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, ते एका कागदावर ओळीने लिहून काढा. २०१५ ला ८१ हजार आणि २०१७ ला ६४ हजार असं दिसलं की चहा पिऊन उठायचं. मीटर मागे फिरवणं सोपं झालंय, पण या गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाच जागी नसते. बीएमडब्ल्यूच्या तर किल्लीतही असते. चांगला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतल्या नोंदी वाचणारं यंत्र, असलेला मिस्त्री दोन जागचे आकडे ताडून सांगतो.

आता नागपुरात गाडी बघणाऱ्याने विसरू नये अशी एक तारीख: २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथे दारातल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्या गाड्यांचं पुढे काय झालं? काही भंगारात गेल्या. काही धुतल्या, वाळवल्या आणि पुन्हा विकायला उभ्या राहिल्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या मेहुण्याला एक पांढरी ऑडी ए४ आवडली. विकणाऱ्याने दार उघडलं आणि अत्तराचा असा भपकारा आला की मला वरात आठवली. "भाऊजी, एकदम चकाचक आहे ना?" मेहुणा आधीच स्टीअरिंगवर बसून फोटो काढत होता. मी मागच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढत राहिलो, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर, एरवी जो कधी बाहेर येतच नाही तिथे, खाकी रंगाची सरळ रेघ होती. नखाने खरवडली तर माती निघाली. मग डिक्कीतली स्टेपनी उचलली: खालच्या खळग्यातले स्क्रू गंजलेले, जॅक ठेवायचा फोम हाताला दमट. सीटखालचे रूळ मोबाइलच्या उजेडात पाहिले, तेही तांबूस. "काहून इतकं खाली वाकून राहिले भाऊ? इंजिन पाहा ना," विकणारा म्हणाला. इंजिन उत्तम चालत होतं. पण इंजिन धुता येतं. कारपेटखालच्या वायरिंगचे कनेक्टर आणि कंट्रोल युनिट (गाडीचे छोटे कॉम्प्युटर) आतून हिरवी पडत जातात, आणि सहा महिन्यांनी एक-एक करून बोलायला लागतात. मेहुणा माझ्याशी दोन आठवडे बोलला नाही.

बघायला जाल ते सकाळी, आणि आधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कुठेतरी तर्री-पोहे खाऊन दोन-तीन तासांनी परत या. थंड इंजिन खोटं बोलत नाही. माझ्या गाडीच्या वेळी मिस्त्री सोबत होता. कमाल चौकाकडे त्याचं छोटं गॅरेज आहे, पंचवीस वर्षं हेच काम. थंड इंजिन सुरू होताच त्याने बोट ओठावर ठेवलं. टकटकीच्या खालून अगदी हलका चुफ-चुफ आवाज येत होता, स्टोव्हला पंप मारताना येतो तसा. त्याने इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण उपटून काढलं. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, चकाकता थर जमला होता. "हे पाहून राहिले ना भाऊ? तांब्याचं वायसर लीक आहे. आज केलं तर चिल्लर, नाही केलं तर इंजेक्टर आत असा चिकटते का मग घण घेऊन बसा." मी काही न बोलता त्या थराचा फोटो काढला आणि डॉक्टरांना दाखवला. किमतीतले पंचवीस हजार त्या फोटोने कमी झाले.

चालवून बघताना एसी पूर्ण सोडा, रेडिओ बंद. डीमध्ये टाकताना धक्का बसतो का, उतारावर दुसऱ्या-तिसऱ्यात अडखळते का, गतिरोधकावरून तिरकी घेतली की पुढून कटकट येते का. प्रत्येक काच, प्रत्येक सीटची मोटर, सनरूफ चालवून पाहा, तिथे लाजू नका. आणि स्कॅनर दोनदा लावा: एकदा आधी, एकदा अर्धा तास चालवून झाल्यावर. आदल्या रात्री पुसलेले बिघाडाचे काही कोड तेवढ्यात परत येतात. या सगळ्याचे मिस्त्रीला दोन हजार रुपये दिले. गाडी आवडली नाही तरी द्यायचे, म्हणजे तो तुमच्या बाजूने बघतो.

कागद थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलनं विकणाऱ्यानेच भरायची. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. त्या स्वस्ताईत एनओसी, इथला रोड टॅक्स आणि चकरा मिळवून बघा, मग बोला. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्या डोक्यावर येतो. माझी २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी झाली. तपासणीला नेण्याआधी हेडलाइटच्या पिवळ्या काचा पॉलिश करून घेतल्या, एवढंच.

घरी आणली की पहिल्या आठवड्यात सगळी तेलं बदला, आधीचं बिल कितीही ताजं असो. इंजिन ऑइलच्या कॅनवर मर्सिडीजच्या मान्यतेचा नंबर बघा. माझ्या डिझेलला २२९.३१ किंवा २२९.५१ चालतं, साडेसहा लिटर लागतं. "सिंथेटिक आहे साहेब" हे उत्तर नव्हे. पुस्तकात अंतर मोठं दिलंय, पण पुस्तक लिहिणाऱ्याने शंकरनगर चौकातला मे महिना पाहिलेला नाही. मी आठ हजार किलोमीटरवर बदलतो.

गिअरबॉक्सच्या तेलाला आयुष्यभर हात लावायचा नाही, असं अजूनही काही जण सांगतात. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. माझ्या पाच गिअरच्या बॉक्सला तर तेल मोजायची पट्टीसुद्धा नाही. नुसती नळी आणि टोपण. त्यामुळे गळती कुणाच्या लक्षात येत नाही. २०२१ मध्ये गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकून बसली. एका मोठ्या गॅरेजने पाहिलं न पाहिलं आणि गिअरबॉक्स बदलायचे १ लाख ८० हजार सांगितले. मी गाडी टो करून मिस्त्रीकडे नेली. तो खाली शिरला, बॉक्सच्या बाजूचा गोल कनेक्टर फिरवून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आत तेलच तेल. त्यावरच्या दोन रबरी रिंगा कडक होऊन चिरल्या होत्या. तेल तिथून तारांच्या आतून वर चढतं आणि एक दिवस थेट कंट्रोल युनिटमध्ये पोचतं. माझ्या गाडीत ते वाटेतच होतं. नवा कनेक्टर, फिल्टर आणि तेल मिळून चौदा हजार लागले. डब्ल्यू २११ घेतली की हा कनेक्टर विचारू नका, बदलूनच टाका.

आपल्याकडे गाडी किलोमीटरने कमी आणि उन्हाने जास्त झिजते. बुशिंगं, होस, कूलंटची प्लॅस्टिकची टाकी, सगळं वाळून तडकतं. माझा एसी कंप्रेसर ऐन नवतप्यात, मे अखेरच्या उन्हात, गेला, आणि त्या वर्षीचा खर्च ९५ हजारांवर पोचला. एरवी ४५ ते ६० हजारांत भागतं. तेव्हापासून मार्चमध्येच कंडेन्सरची जाळी पाण्याने, कमी दाबाने, धुऊन घेतो आणि कूलंटचं टोपण बदलतो. कडुलिंबाखाली गाडी लावत असाल तर पावसाआधी बोनेटच्या मागच्या कोपऱ्यातली पाणी जाण्याची भोकं साफ करा. पानं अडकली की पाणी थेट तुमच्या पायाशी येतं. टायरची तारीख बघा: चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षांवरचे टायर घेऊन समृद्धीच्या काँक्रीटवर १२० ने जाऊ नका, नक्षी कितीही खोल दिसो.

पार्ट मात्र चॅसी नंबर सांगूनच मागवायचा. शोरूमच्या डब्यात येणारा लोअर आर्म बहुधा लेमफॉर्डरसारख्या कंपनीनेच केलेला असतो. त्याच कंपनीच्या डब्यातला घेतला तर पैसे बरेच वाचतात, कधीकधी त्यावर घासून काढलेल्या चिन्हाची खूणही दिसते. दिल्लीचं काश्मिरी गेट, मुंबईचं कुर्ला, तिथून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं दोन दिवसांत येतं. सस्पेन्शन, ब्रेक आणि कूलिंगमध्ये लोकल माल घालत नाही. आतले हँडल, कप होल्डर असलं काही भंगारातून आलं तरी मला चालतं.

आणि रोजचं एक काम, ज्याला पैसे पडत नाहीत. रात्री गाडी लावली की मी पुढच्या भागाखाली प्रेसमधली वाया गेलेली शीट पसरतो, पांढरी बाजू वर. सकाळी बघायचं. साधं पाणी असेल तर एसीचं. काळं असेल तर इंजिन, निळसर-हिरवं आणि चिकट असेल तर कूलंट, लाल असेल तर गिअरबॉक्स. ठिपक्याभोवती पेनाने गोल करून तारीख लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी वाढला की नाही ते कळतं. गेल्या मंगळवारी खाली एक चुकलेली लग्नपत्रिका होती, पाठकोरी म्हणून पसरलेली, पण उलटीच पडलेली. 'चि. सौ. कां.'च्या बरोबर बाजूला रुपयाएवढा लाल डाग. फोटो मिस्त्रीला पाठवलाय, शनिवारी दहाला बोलावलंय.