बेफिकीर गाडीवाल्यांमधून सायकल कशी काढावी: ठाणे ते ऐरोलीच्या वाटेवरून

नौपाड्यातून ऐरोलीला मी सायकलने कामाला जाते. जांभळी नाका, कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, दिघा आणि मग ऐरोली, असा साधारण १० किलोमीटरचा रस्ता आहे. कोणी कट मारतं, कोणी कडेला दाबतं, कोणी अगदी कानाशी हॉर्न वाजवतं. पहिलं वर्षभर मी या सगळ्यांशी मनातल्या मनात भांडत घरी यायचे आणि रात्री झोप लागायची नाही.

मग एका सकाळी विटाव्याच्या रेल्वे पुलाअलीकडे एक टेम्पो माझ्या हँडलला जवळजवळ घासून गेला आणि पुढच्याच गर्दीत अडकला. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "दादा, हातभर तरी जागा सोडायची. मी पडले असते तर तुमच्याच मागच्या चाकाखाली आले असते." तो खरोखर दचकला. "ताई, देवाशपथ, तुम्ही दिसलाच नाहीत."

हे वाक्य त्यानंतर मी किती जणांकडून ऐकलं, याची मोजदाद नाही. बहुतेक वेळा ते खरं असतं असं माझं मत आहे. त्याने चूक माफ होत नाही, कारण समोर बघणं हेच तर चालकाचं काम. पण आपण काय करायचं ते मात्र त्यातून ठरतं. आपण त्याला दिसलो पाहिजे आणि आपण पुढे काय करणार हे त्याला आधीच कळलं पाहिजे. खालच्या सगळ्या गोष्टी मी याच एका हिशेबाने करते.

१. रस्ता आधी रविवारी चालवून बघा

कामाच्या दिवशी पहिल्यांदा नवीन रस्त्यावर जाऊ नका. रविवारी सकाळी सातच्या सुमारास तोच रस्ता हळू चालवा आणि खड्डे, गटारांची झाकणं, रिक्षा स्टँड, बसथांबे कुठे आहेत ते डोक्यात बसवा. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाचे पत्रे जिथे रस्ता अरुंद करतात, तिथे सायकलला मुळीच जागा उरत नाही, हे आधी ठाऊक असलं तर तुम्ही तिथे घाबरून कडेला शिरत नाही. उड्डाणपुलाच्या तोंडाशी नेहमी खालचा रस्ता धरा. पुलावर चढणाऱ्या गाड्या तिथेच वेग घेतात. लांबचा पण शांत रस्ता मिळत असेल तर मी दहा मिनिटं जास्त घालवून तोच घेते.

२. सायकल दिसेल अशी करा

मागे लाल दिवा, पुढे पांढरा. दिवसासुद्धा मागचा लुकलुकता ठेवा, पावसाळ्यात तर ठेवाच. पॅडलवरचे आणि चाकांवरचे रिफ्लेक्टर काढून टाकू नका. चाकं फिरताना ते हलतात आणि हलणारी चमक डोळ्यांना लगेच कळते. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा आरसा लावा. माझ्या अनुभवात हेल्मेटखालोखाल पैसे वसूल करणारी वस्तू हीच.

घंटी रिक्षावाल्याला आणि पायी चालणाऱ्याला ऐकू येते, एसी लावून काचा बंद केलेल्या कारमध्ये पोचत नाही. तिथे ओरडावं लागतं. मी "ओ दादा!" असं पोटातून ओरडते, लाजत नाही. आणि कानात इअरफोन नको. ठाण्यात आणि नवी मुंबईत आता इलेक्ट्रिक बस आणि रिक्षा बऱ्याच आहेत, त्यांचा आवाज आधीच कमी येतो.

३. कडेला चिकटून चालवू नका

नव्या सायकलस्वाराची सगळ्यात मोठी चूक हीच आणि ती समंजसपणातून होते. आपण हळू आहोत, कोणाला अडवू नये, म्हणून माणूस डावीकडे सरकत सरकत अगदी गटाराच्या कडेवर जातो. तिथे माती, काचा, झाकणांच्या फटी असतात. शिवाय मागच्या चालकाला वाटतं की त्याच लेनमधून निघायला भरपूर जागा आहे. तो वेग कमी न करता शेजारून जातो आणि समोर खड्डा आला की तुम्हाला सरकायला जागाच नसते.

म्हणून रस्त्याच्या डाव्या कडेपासून साधारण एक मीटर आत चालवा. रस्ता रुंद असेल तर एवढं पुरतं. जिथे तो इतका अरुंद होतो की सायकल आणि कार शेजारी-शेजारी मावणार नाहीत, तिथे चक्क लेनच्या मधोमध या. विटाव्याचा पुलाखालचा भाग हे माझं रोजचं उदाहरण. शिरण्याआधी तीस-चाळीस मीटरवरच मी मागे बघते, उजवा हात बाहेर काढते, मध्ये येते आणि पलीकडे रस्ता रुंद झाला की पुन्हा डावीकडे सरकून हाताने पुढे जायची खूण करते. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू द्या. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय. त्या वीस सेकंदांत घाबरून डावीकडे सरकायचं नाही एवढं पाळा. अर्धवट सरकलेल्या सायकलच्या शेजारून घुसायचा मोह कोणालाही होतो.

खड्डा चुकवताना अचानक वळू नका. रस्त्यावर दहा-पंधरा मीटर पुढे नजर ठेवली तर खड्डा आधी दिसतो, मागे बघायला वेळ मिळतो आणि हलक्या तिरप्या रेषेत निघता येतं. ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर येते. चालकाने दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं तर तो ३३ मीटर न बघता आलेला असतो. तुमचा अचानक काढलेला कट त्याच दोन सेकंदांत पडू शकतो. वाशी ते बेलापूरच्या पाम बीच रोडवर तर पहाटे गाड्या याहून जोरात येतात. तिथे गटाने जात असाल तर एकामागे एक चला. गप्पा चहाच्या टपरीवर होतातच.

४. वळायचं असेल तर आधी मागे बघा, मग हात दाखवा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मान वळवून मागे बघायचं, मग हात, मग पुन्हा एकदा बघायचं आणि मग वळायचं. मान वळवण्याचा आणखी एक फायदा असा की मागच्या चालकाला तुमचा चेहरा दिसतो. चेहरा दिसला की माणूस ब्रेकवर पाय ठेवतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. मान वळवताना सायकल उजवीकडे ओढली जाते, म्हणून मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात याचा सराव करा.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायची भीती वाटत असेल तर वळूच नका. सरळ पलीकडे जा, डाव्या कडेला थांबा, सायकल वळवून घ्या आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा. तीन हात नाक्यावर मी आजही असंच करते आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

५. थांबलेल्या वाहनाच्या डावीकडून कधीही जाऊ नका

आपल्याकडच्या रिक्षेला उजव्या बाजूला दांडी असते, त्यामुळे उतारू डावीकडेच उतरतो. रिक्षा कडेपासून चार फूट सोडून थांबते, मध्ये सायकलपुरती फट दिसते, आपण शिरतो आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी पिशवीसकट पाय खाली टाकतं. बसचंही तसंच. ठाणे स्टेशनजवळ मी अशीच एकदा एका आजींना धडकता धडकता वाचले. चूक पूर्ण माझी होती. थांबा, किंवा मागे बघून उजवीकडून जा.

उजवीकडून जाताना कारच्या दाराचा धोका असतो. उघडलेलं दार साधारण मीटरभर बाहेर येतं, तेवढं अंतर सोडा. राम मारुती रोडसारख्या दुतर्फा पार्किंगच्या रस्त्यावर कारमध्ये कोणी बसलंय का, ब्रेकचा लाल दिवा आत्ताच विझला का, पुढचं चाक बाहेर वळलंय का, हे बघत चाला. आणि तुमच्या घरी कार असेल तर घरातल्यांना एक सवय लावा: दाराच्या विरुद्ध बाजूच्या हाताने दार उघडायचं. चालकाने डाव्या हाताने, डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. तसं केलं की खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. नेदरलँड्समध्ये गाडी शिकवतानाच हे शिकवतात.

६. कंटेनर, डंपर, टँकर, बस

यांच्या डाव्या बाजूला चालकाला काहीही दिसत नाही असंच धरून चाला. तुम्हाला आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे सरकणं ही सगळ्यात घातक सवय आहे. सिग्नल सुटतो, ट्रक डावीकडे वळतो, पुढची चाकं लांबून जातात पण मागची कोपरा कापत आत येतात आणि सायकल त्यात सापडते. कळवा नाक्यावर, तसंच ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसीच्या वळणांवर, मी अवजड वाहनाच्या मागेच उभी राहते. धूर खावा लागतो. तेवढा खाते.

अवजड गाडी मागून ओव्हरटेक करत असेल तर हँडल घट्ट, कोपर सैल, पॅडल चालू. ती शेजारून जाताना हवेने आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि नंतर आत ओढल्यासारखं वाटतं, त्याला दचकू नका.

७. रस्त्यात भांडू नका

राग येतो, तो खराच असतो. जीव वाचल्यावर हात थरथरत असतात. अशा वेळी बॉनेटवर हात आपटणं, शिवी देणं, पाठलाग करणं यातलं काहीही करू नका. त्याच्याकडे हजार किलोंचं लोखंड आहे आणि तोही चिडलेला आहे. कडेला थांबा, पाणी प्या, नंबर लिहून घ्या. एमएच ०४ ठाण्याचा, ४३ नवी मुंबईचा, ४६ पनवेलचा, एवढं माहीत असलं की शेवटचे चार आकडे आणि मधली अक्षरं लक्षात ठेवणं सोपं जातं. मी नंबर मोठ्याने दोनदा म्हणते आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवते.

पुढच्या सिग्नलला तो भेटलाच आणि काच खाली असेल तर बोला, पण एकच वाक्य आणि तेही काय घडलं तेवढंच: "काका, मघाशी फार जवळून गेलात." सल्ला नको, "दिसत नाही का" नको. बरेच जण ओशाळतात. जो अंगावर येतो त्याला "ठीक आहे" म्हणून मोकळं व्हा.

हेही सांगायला हवं की राँग साइडने येणारे, लाल सिग्नल तोडणारे सायकलवालेही मी रोज बघते. तसं करणाऱ्याला चालकाशी बोलायला तोंड उरत नाही, आणि ते जिवावरही बेततं.

८. तक्रार कागदावर करा

कायदा आपल्या बाजूने जितका आहे तितका आपल्यालाच ठाऊक नसतो. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातात मोबाइल धरणं, लाल सिग्नल तोडणं, उलट दिशेने येणं हे धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद आहे. बेदरकारपणे गाडी चालवण्यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं, पूर्वी भारतीय दंड संहितेचं २७९ लागायचं.

फोटो किंवा व्हिडिओ असेल तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर टाकता येतो. चालवता चालवता मोबाइल काढू नका, थांबून काढा. बस किंवा कंपनीची गाडी असेल तर गाडी क्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून त्यांच्याकडेही पाठवा. एकदा एका कंपनीच्या कर्मचारी बसने मला दिघ्याजवळ फुटपाथवर चढवलं होतं. मी चार ओळींचं पत्र दिलं, कोणालाही नावं न ठेवता. आठवड्याने त्या बसचा चालक स्वतः थांबून "सॉरी ताई" म्हणाला आणि आजही तो मला पाहिलं की लांबूनच वेग कमी करतो.

९. धडक झालीच तर

आधी रस्त्यातून बाजूला व्हा, जमत असेल तरच. ११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. मदत करणाऱ्या वाटसरूंनी घाबरू नये, त्यांना कलम १३४अ चं संरक्षण आहे. गर्दी जमली तर दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या आणि सायकल हलवण्याआधी तिचा, गाडीचा, रस्त्याचा फोटो काढा.

"काही झालं नाही, जाऊ दे" असं लगेच म्हणू नका. डोक्याचा, बरगडीचा मार तासाभराने जाणवतो. डॉक्टरांना "पडले" असं न सांगता "गाडीने धडक दिली" असं स्पष्ट सांगा, म्हणजे तशी नोंद होते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत, मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. दवाखान्यात पोचल्यावर त्याबद्दल विचारा.

माझ्या वाटेवर विटावा ठाणे पोलिसांकडे आहे आणि पुढचं दिघा नवी मुंबई पोलिसांकडे. त्यामुळे "ही आमची हद्द नाही" हे ऐकू येऊ शकतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीबाहेरच्या अशा नोंदीला झिरो एफआयआर म्हणतात. तोच शब्द वापरा, पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराला तो समजतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नुकसानभरपाईच्या दाव्याला आणि विम्याला पुढे तोच कागद लागतो. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपयांची भरपाई कायद्यात आहे.

सायकल घरी चालवत आणू नका, ढकलत किंवा टेम्पोत आणा. हँडल पुढच्या चाकाशी सरळ आहे का, चाक ब्रेकला घासतंय का, पुढच्या चिमट्याला तडा गेलाय का, हे सायकलवाल्याकडून तपासून घ्या. हेल्मेट आपटलं असेल तर वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, ते पुन्हा घालू नका. कचऱ्यात टाकण्याआधी त्याचा पट्टा कात्रीने कापा, म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.