रशियन व्याकरणाची खिशातली पुस्तिका मराठी माणसाने कशी वापरावी

रशियन व्याकरणाच्या छोट्या पुस्तिका बहुतेक इंग्रजीत असतात आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. ज्यांच्या भाषेत पुस्तकाला लिंग नाही आणि नामाला विभक्ती लागत नाही, त्यांना या गोष्टी समजावण्यात पानंच्या पानं जातात. आपल्याला त्या पानांची गरज फारशी नसते. आपण खरे अडखळतो ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि तिथे ही पुस्तिका एका ओळीत पुढे निघून जाते. म्हणून पुस्तिका इंग्रजी असली तरी ती मराठी व्याकरण डोक्यात ठेवून वाचावी.

घेताना काय बघावं

आधी आघाताच्या खुणा बघा. प्रत्येक रशियन शब्दात जोर पडणाऱ्या स्वरावर छोटी तिरकी रेघ हवी. दुधाच्या शब्दात तीन 'ओ' लिहितात, पण जोर शेवटच्यावर असल्यामुळे उच्चार होतो 'मलाको'. 'ज़ामक' म्हणजे गढी आणि 'ज़मोक' म्हणजे कुलूप. दोन्ही लिहायचे एकसारखेच, फरक फक्त जोराचा. रशियन वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या ही रेघ छापत नाहीत, त्यामुळे ती शिकायची जागा म्हणजे शब्दकोश आणि ही पुस्तिका. रेघ नसेल तर पुस्तिका परत ठेवून द्या. मागे सूची आणि क्रियापदांच्या जोड्यांची यादी आहे का, तेही बघून घ्या.

लिपी आधी संपवा

अक्षरं 33: दहा स्वर, एकवीस व्यंजनं आणि स्वतःचा आवाज नसलेली दोन चिन्हं. नवी अक्षरं लवकर बसतात. घोळ होतो तो रोमनसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा. 'पी'सारखं दिसतं ते र, 'एच'सारखं ते न, 'सी'सारखं ते स, 'बी'सारखं ते व. म्हणून 'रिस्तरान' ही पाटी नवख्याला 'पेक्टोपाह' दिसते. गोव्यात मोरजीच्या बाजूला राहत असाल, तर रशियन पाट्या आणि मेनूकार्डं हा चांगला सराव आहे. वहीत मात्र रशियन शब्दाखाली देवनागरी लिहू नका. इथे मी लिहितोय ती केवळ अंदाजासाठी. रशियनमधल्या मृदू व्यंजनांचे, म्हणजे 'य'ची छटा लागलेल्या व्यंजनांचे, उच्चार तिच्यात नीट मावत नाहीत. त्यासाठी कानाने ऐकणं हाच उपाय.

विभक्तीच्या तक्त्यावर आपली नावं लिहा

रशियनमध्ये विभक्ती सहा. पेन्सिल घ्या आणि पुस्तिकेतल्या तक्त्यावर मराठी नावं लिहून टाका. रशियन शाळेतल्या क्रमाने: इमिनीत्येल्नी म्हणजे प्रथमा, रदीत्येल्नी षष्ठी, दात्येल्नी चतुर्थी, विनीत्येल्नी द्वितीया, त्वरीत्येल्नी तृतीया, आणि प्रिद्लोझ्नी आपल्या सप्तमीच्या जवळची, जी शब्दयोगी अव्ययाशिवाय कधीच येत नाही. ही अव्ययं नामाच्या आधी येतात, एवढं लक्षात ठेवा. पंचमी वेगळी नाही. 'घरातून', 'शहराहून' यांसाठी अव्यय आणि षष्ठी वापरतात. हा क्रम लक्षात राहावा म्हणून रशियन मुलं इवानला मुलगी झाल्याचं आणि त्याने दुपटं आणायला सांगितल्याचं एक यमक म्हणतात. त्यातल्या सहा शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे सहा विभक्ती.

तक्ता पाठ करत बसू नका. 'स्तोल' (टेबल) आणि 'क्निगा' (पुस्तक) या दोन शब्दांची रूपं तेवढी तोंडात बसवा: क्निगा, क्निगी, क्निग्ये, क्निगु, क्निगय, अ क्निग्ये.

वाक्याकडून पुस्तिकेकडे जा

पुस्तिका उघडायची ती हातात वाक्य असताना. हे वाक्य घ्या: 'या वीद्येल त्वयेवो ब्राता व श्कोल्ये.' शब्दकोशात 'ब्राता' सापडत नाही, 'ब्रात' (भाऊ) सापडतो. पुल्लिंगी नामांच्या तक्त्यात 'आ' शेवटी येणारं रूप षष्ठीचं आहे. पण इथे 'भावाचा' असा अर्थ लागत नाही. तक्त्याखालची बारीक टीप वाचा: नाम सजीव आणि पुल्लिंगी असेल तर द्वितीयेचं रूप षष्ठीसारखं, निर्जीव असेल तर प्रथमेसारखं. आपणही 'टेबल पाहिलं' पण 'भावाला पाहिलं' म्हणतोच की. 'त्वयेवो' हे 'त्वोय'चं रूप. 'तुझा भाऊ' पण 'तुझ्या भावाला', तसंच. या रूपाच्या शेवटी लिहितात ग आणि वाचतात व, हेही पानाच्या कडेला नोंदवा. वाक्याचा अर्थ: मी तुझ्या भावाला शाळेत पाहिलं.

रोज अशी दोन-तीन वाक्यं पुरेत. प्रत्येक वेळी पान शोधायचं, रूप ओळखायचं, आणि ते वाक्य त्या तक्त्याशेजारी लिहायचं. महिनाभरात कुठली पानं तुम्हाला सतत लागतात ते कळतं, आणि तीच पानं तुमचा अभ्यासक्रम.

मराठी जिथे चकवते

वरच्या भावाच्या वाक्यातच दोन सापळे आहेत. पहिला: आपण 'शाळेत जातो' आणि 'शाळेत आहे' दोन्हीकडे 'त'च लावतो. रशियनमध्ये असण्याला प्रिद्लोझ्नी, 'व श्कोल्ये'. जाण्याला द्वितीया, 'व श्कोलु'. पुस्तिकेत 'कुठे आहे' आणि 'कुठे जातो' अशा दोन रकान्यांत हे असेल, त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा.

दुसरा: रशियन भूतकाळाला आपल्यासारखं लिंग आहे. पुरुष 'वीद्येल' म्हणतो, बाई 'वीद्येला'. पण आपण 'मी पुस्तक वाचलं', 'मी कादंबरी वाचली' म्हणताना क्रियापद कर्माला जुळवतो. रशियन ते नेहमी कर्त्यालाच जुळवते. म्हणून सकर्मक क्रियापद असलं तरी 'मी गेलो', 'मी गेले' हाच साचा धरा.

उलट काही पानं तुम्हाला घरचीच वाटतील. 'उ मिन्या येस्त क्निगा' म्हणजे 'माझ्याकडे पुस्तक आहे'. 'म्न्ये न्रावित्सा' म्हणजे 'मला आवडतं'. 'म्न्ये खोलद्ना' म्हणजे 'मला थंडी वाजते'. इंग्रजी स्पष्टीकरण इथे लांबण लावतं, ते सरळ ओलांडा. फक्त 'नाही' म्हणताना ती वस्तू षष्ठीत जाते: 'उ मिन्या न्येत क्निगी'.

क्रियापदं जोडीनेच घ्या

बहुतेक क्रियापदं जोडीने येतात: एक चालू असलेल्या क्रियेचं, दुसरं पूर्णत्वाचं. 'या चिताल क्निगु' म्हणजे मी पुस्तक वाचत होतो, 'या प्रचिताल क्निगु' म्हणजे वाचून काढलं. 'करून टाकलं', 'लिहून काढलं' असं बोलणाऱ्याला हा भेद नवा नाही, तरी दोन गोष्टींकडे लक्ष हवं. पूर्णत्वाच्या क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो. 'प्रचितायु' हे रूप वर्तमानासारखं दिसतं, पण अर्थ होतो 'वाचून काढीन'. आणि काही जोड्यांत दोन शब्दांचं मूळच वेगळं असतं, जसं 'गवरीत' (बोलणं) आणि 'स्कज़ात' (सांगणं). म्हणून नवं क्रियापद वहीत लिहाल तेव्हा मागची यादी उघडून त्याचा जोडीदार शेजारी लिहाच.

आकड्यांचं पान बाजारात लागेल तेव्हा उघडा: एक रूब्ल, दोन ते चारला 'रुब्ल्या', पाचपासून 'रुब्लेय', आणि एकवीसला परत 'रूब्ल'. चालत जाणं आणि वाहनाने जाणं यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत, पण सहा विभक्ती हाताशी येईपर्यंत तो भाग बाजूला ठेवा. छोट्या पुस्तिकेत तो दोन पानांत उरकलेला असतो आणि त्याला मोठं व्याकरणच लागतं.